चान्सची सीट

माझा नवरा दमदमच्या विमानतळावर सामानाच्या खात्यात होता. विमान आलं की त्याच्या पोटातून बॅगा काढायच्या, जाणार असलं की भरायच्या, हे काम हमाल करायचे आणि नवरा त्यांच्यावर नजर ठेवायचा. लग्नाच्या वेळी माझ्या माहेरी कोणीतरी सांगितलं होतं की मुलगा विमानात आहे. आईला वाटलं, चालवतो. मी चौथी शिकलेली, मलाही तेच वाटलं. कलकत्त्याला आल्यावर कळलं. वाईट वाटलं नाही. नोकरी पक्की होती.

आम्ही बालीगंजला राहत होतो. विमानतळ शहराच्या त्या टोकाला आणि आम्ही ह्या टोकाला. पण बालीगंजला चार मराठी घरं होती आणि खोली आधीच मिळालेली होती, म्हणून ती सोडली नाही. नवरा दोन बस बदलून जायचा. जाता-येता त्याचे तीन-साडेतीन तास जात. मिरवणूक निघाली असेल तर किती जात ते विचारू नये.

नोकरीमुळे आम्हाला वर्षातून एकदा विमानाचा पास मिळायचा. लोकांना वाटायचं, काय चैन आहे. पास म्हणजे तिकीट नव्हे. पासवाल्याने सकाळी जाऊन वजनकाट्याजवळच्या बाकावर बसायचं. तिकीटवाले सगळे आत गेले, आयत्या वेळी येणारेही आले, आणि तरी एखादी खुर्ची उरली, तर पासवाल्याला हाक मारायची. नाही उरली तर घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. ह्याला तिथे चान्स म्हणत. मला ह्यात अपमान वाटला नाही. फुकट ते असंच असतं.

मी विमानाने जाणार हे एकदा कळलं की मराठी बायका सामान आणून द्यायच्या. सगळ्यांचंच कोणी ना कोणी तिकडे असायचं. कोणाच्या भावाला चहा, कोणाच्या सुनेला तांताची सुती साडी, थंडीच्या दिवसांत मडक्यातला खजुराचा गूळ. परत येताना मी त्यांना गोडा मसाला, कोकम, भाजणी आणायची. पोस्टाने पाठवलं तर फुटतं, सांडतं, पोचत नाही. माणसाबरोबर पाठवलं की पोचतं. नवरा म्हणायचा, "तू माहेरी चाललीस की टपाल खात्यात लागलीस?" मी म्हणायची, "तुमच्या पगारावर कोणी ओळखत नाही मला. ह्याच्यावर ओळखतात." ते खरं होतं. हळदीकुंकवाला मोठ्या हुद्द्यावरच्यांच्या बायका पुढे बसत आणि मी दाराजवळ चपलांपाशी. पण पास निघाला की मला पुढे बोलावत. मला ते आवडायचं. आवडायचं नाही असं कशाला लिहू.

त्या वर्षी जानेवारीत एका मंगळवारी दुपारी भावाची तार आली. आईला अर्धांगाचा झटका आला आहे, ताबडतोब निघ. आई भावाकडे नाशिकला होती.

नवरा तेव्हा घरीच होता. आम्ही बसून ठरवलं. हावड्याहून रात्री निघणारी मेल नाशिक रोडला थांबते. मंगळवारी बसले तर गुरुवारी सकाळी नाशिक. विमानाने बुधवारी निघाले तर दुपारी मुंबई, तिथून संध्याकाळच्या गाडीने बुधवारीच नाशिक. अर्धा दिवस वाचतो. नवरा म्हणाला, "उद्या विमानात जागा आहे, मी यादी बघितलीय. पास आहेच. गाडीत दोन रात्री कशाला काढतेस?" मला पटलं. त्याची चूक नाही. मी पण तेच म्हटलं असतं.

संध्याकाळपर्यंत चारी घरांत कळलं. आई आजारी आहे म्हणून सगळ्या हळहळल्या आणि सामान घेऊन आल्या. ते नेहमीचंच. पण सातच्या सुमारास आमच्या गल्लीत मिलिटरीची जीप आली. फोर्ट विल्यमला एक मोठे मराठी अधिकारी होते, त्यांची बायको उतरली. ह्या बाईंनी मला तोपर्यंत कधी हाक मारली नव्हती. मारली तर "अहो, तुम्ही" म्हणून.

त्या दिवशी म्हणाल्या, "वहिनी, एक काम होतं तुमच्याकडे."

मी खुर्ची पुसून दिली. त्या बसल्या नाहीत. नाशिकला त्यांच्या भाचीचा, म्हणजे नणंदेच्या मुलीचा, साखरपुडा होता पुढच्या गुरुवारी. तिच्यासाठी बनारसी घेतली होती. जांभळी, जरीचे काठ.

"पोस्टाचा भरवसा नाही. आमच्या ह्यांचा कोणी माणूस तिकडे जात नाहीये आत्ता," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातात दिली म्हणजे पोचल्यासारखीच आहे. विसरणार नाही ना?"

"विसरायचं काय," मी म्हटलं. "माझ्या हातून आजपर्यंत सुई हरवली नाही."

"आई बऱ्या होतील हो," त्या जिन्यावरून म्हणाल्या.

साडी मी मोठ्या कॅनव्हासच्या बॅगेत तळाला घातली, चुरगळू नये म्हणून वर टॉवेल, त्यावर बाकीच्यांचं सामान. तोंडाशी जाड दोरी होती, ती आवळून गाठ मारली. गाठ नवऱ्याने शिकवलेली. तो म्हणायचा, हमालांच्या हाताला सुटेल अशी गाठ मारायची नाही, आपल्याच खात्यात काय चालतं ते मला माहीत आहे. माझी दोन लुगडी आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत.

बुधवारी मुलीला खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींकडे ठेवलं आणि सकाळी सहाला निघाले. मुलगी सात वर्षांची होती. नवरा पाचच्या पाळीला पुढे गेला होता. धुकं इतकं होतं की ट्रामचा दिवा दिसायच्या आधी घंटा ऐकू यायची. विमानतळावर पोचले तर सगळंच बंद पडलेलं. विमानं उतरत नव्हती, सुटत नव्हती. हॉलमध्ये माणसं ट्रंकांवर बसलेली. मी काट्याजवळच्या बाकावर बसले. आदल्या दिवशीच्या एका विमानाची माणसं आमच्या विमानात घातली. यादीत जागा होती ती गेली. दुपारी दोनला विमान भरून गेलं.

काट्यावर एक बंगाली बाबू असायचे, नवऱ्याच्या ओळखीचे, मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. ते म्हणाले, "आज नहीं हुआ बौदी. कल पक्का."

संध्याकाळी बॅगा घेऊन परत आले. मुलगी दारात उभी. तिचं मराठी तेव्हाही अर्धंच होतं.

"तू गेलीच नाही?"

"नाही."

"आजी मरून गेली?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि खेळायला गेली.

त्या रात्रीची मेल धरता आली असती. पण तेव्हा हिशेब परत तसाच बसत होता. आज बुधवार, गाडीने शुक्रवारी सकाळी पोचणार. उद्याच्या विमानाने गुरुवारी रात्री. परत अर्धा दिवस वाचत होता. एका शेजारणीला कळलं की मी गेले नाही, ती चहाची दोन पाकिटं घेऊन आली. "गेला नाहीत ना अजून? मग हेही घ्या. नाहीतरी चाललाच आहात." मी गाठ सोडली, पाकिटं घातली, परत गाठ मारली. ती सोडायला मला दहा मिनिटं लागली होती. तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

गुरुवारी एस्प्लनेडला मिरवणूक होती. बस पाऊण तास जागेवर उभी राहिली. कंडक्टर उतरून विडी ओढून आला. लाल झेंडे गेले, मग मधे जागा सुटली, मग परत लाल झेंडे. एक म्हातारे बाबू खिडकीतून म्हणाले, "पहिलेच परत आले की काय?" लोक हसले. मी बॅग मांडीवर धरून बसले होते. गुळाचं मडकं पाझरायला लागलं होतं आणि माझ्या लुगड्याला चिकटत होतं. काळजी वाटली नाही. कलकत्त्यात वेळेवर काही निघत नसे, म्हणून उशिरा पोचलं तरी चालायचं. पोचले तेव्हा विमान उभंच होतं. पण दिल्लीहून कोणी मोठी मंडळी आली होती, त्यांना मुंबईला जायचं होतं. बाकावर माझ्यासारखे आणखी दोन पासवाले होते. तिघेही घरी गेलो.

त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "भावाला तार करतो, उद्या येते म्हणून."

मी म्हटलं, "विमानात बसल्यावर करा."

शुक्रवारी धुकं नव्हतं, मिरवणूक नव्हती. मी नऊलाच जाऊन बाकावर बसले. विमान अकराचं. साडेदहाला काटा बंद केला. दोन बायका आणि एक म्हातारा पळत आले, त्यांना घेतलं. बंगाली बाबूंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे नाही. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात ते आतून पळत आले. पळणारे माणूस नव्हते ते, जाडे होते.

"बौदी, चलिए. एक सीट है. अभी का अभी."

मी दोन्ही हातांत बॅगा उचलल्या.

"सामान नहीं. पेट बंद हो गया. सिर्फ आप."

विमानाचं पोट एकदा बंद केलं की परत उघडत नाहीत, हे मला नवऱ्याकडून माहीत होतं. कापडी पिशवी हातात नेता आली असती. मोठी बॅग नाही.

मी म्हटलं, "ये लोगों का है."

"रहने दीजिए. दादा घर ले जाएँगे." दादा म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा बाहेर विमानाखाली होता.

"इसमें सगाई की साड़ी है. किसी की."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "बौदी, आपकी माँ बीमार है ना?"

हे मी खूप वेळा आठवून बघितलं आहे. तेव्हा माझ्या डोक्यात आई नव्हती. आई आजारी आहे हे चार दिवस इतकं बोलून झालं होतं की ते पासावर लिहिलेल्या कारणासारखं झालं होतं. डोक्यात एवढंच होतं की साडी तेवढी काढून घ्यावी. बाकीचं राहिलं तर राहू दे. मी जमिनीवर बसले आणि गाठ सोडायला लागले. गुळाने दोरी चिकट झाली होती. नखं लागेनात. मी दातांनी ओढली. बाबू वर उभे राहून "छोड़िए, छोड़िए" म्हणत होते. हॉलमधली माणसं बघत होती. गाठीचा एक पदर सुटला, दुसरा सुटेना.

मग बाबू गप्प झाले. मी वर बघितलं. काचेतून दिसत होतं, दोन माणसं विमानाचा जिना ढकलत मागे नेत होती.

नवरा थोड्या वेळाने आत आला. हाताला काळं लागलेलं, कानात कापूस. मी बाकावर बसले होते.

"गेली नाहीस?"

"नाही."

"बाबू म्हणाला, सीट होती."

"होती."

मी सांगितलं. त्याने बॅगेकडे बघितलं. खिशातून चाकू काढला, त्याचा नेहमी असायचा, आणि दोरी कापली. एका झटक्यात. "हाक मारायचीस," म्हणाला. "चाकू होता माझ्याकडे." मग चाकू मिटून खिशात ठेवला आणि कामाला गेला. पुढचं विमान आलं होतं.

संध्याकाळी मी बॅगेला नवी दोरी लावली. ह्या वेळी साडी काढून माझ्या पिशवीत घेतली.

शनिवारी विमान अर्धं रिकामं होतं. काटा बंद व्हायच्या आधीच बाबूंनी मला हाक मारली, सामानही घेतलं, वजन केलं नाही. मला खिडकीजवळ बसवलं. शेजारी कोणी नव्हतं. विमानात खायला दिलं ते मी सगळं खाल्लं. बरोबर नेलेलं पण खाल्लं. त्या दिवशी मला फार भूक लागली होती.

आई शनिवारी पहाटे गेली होती. मी बालीगंजला चहा करत होते तेव्हा. भावाने नवऱ्याला तार केली, ती माझं विमान सुटल्यावर पोचली. त्यामुळे मला काही माहीत नव्हतं. नाशिकला रात्री पोचले. रिक्षातून उतरले तर भाऊ ओट्यावर बसलेला, डोक्यावरचे केस काढलेले. मग काही विचारावं लागलं नाही. वहिनी बाहेर आली, म्हणाली, "आत नका येऊ लगेच. आधी आंघोळ करा." मागच्या दारी गार पाणी काढून ठेवलेलं होतं. मी आंघोळ केली. बॅगा तोपर्यंत कोणीतरी आत नेऊन ठेवल्या.

वहिनी म्हणाली, "तुमची वाट बघत होत्या हो. सारख्या दाराकडे बघायच्या."

मी आईची खाट बघितली. ती दाराकडे तोंड करूनच होती. दुसरीकडे कुठे बघणार. पण वहिनी चांगल्या मनाने बोलली.

भाऊ म्हणाला, "शुक्रवारी रात्रीपर्यंत ओळखत होती. तुला वेळ झाला."

"विमान मिळालं नाही," मी म्हटलं.

"गाडीने यायचं."

"हो."

त्याने पुढे विचारलं नाही. मीही गाठीचं सांगितलं नाही. आज लिहिते आहे तेच पहिल्यांदा. नवऱ्याला आणि बाबूंना माहीत होतं, दोघेही आता नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझं सुतक संपलं, घराला दहा दिवस होतं. शेजारच्या मुलाकरवी मी अधिकारीणबाईंच्या नणंदेला निरोप पाठवला की साडी आली आहे, घेऊन जा. बाई लगेच आल्या. आनंदाने आल्या होत्या. ओट्याच्या पायरीशी थांबल्या. त्यांना बाहेर कोणी सांगितलं नव्हतं, दारातून भाऊ दिसला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कोण गेलं?"

"आई माझी."

"कधी?"

"शनिवारी."

"आणि साडी?"

"इथेच आहे. शनिवारपासून."

मी साडी हातात घेऊन उभी होते. त्यांनी हात पुढे केला नाही. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मला तसलं काही वाटत नाही हो. पण मुलीची सासू जुन्या वळणाची. सुतकाच्या घरातून आलेली साडी साखरपुड्याला नेसवली असं उद्या कळलं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. तुम्हीच सांगा, तुमची मुलगी असती तर?"

"नसती नेसवली," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मग राग नका मानू. कलकत्त्याच्या आमच्या वहिनीला सांगा, मी इथलीच एक घेते." जाताना म्हणाल्या, "तुम्ही एवढी लांबून आणलीत."

गूळ, चहा, बाकीचं सगळं ज्याचं त्याला पोचलं. त्याला काही अडचण आली नाही. गूळ चांगला निघाला असं एकीने पत्राने कळवलं.

येताना गाडीने आले. नाशिक रोडला बसले, तिसऱ्या दिवशी हावडा. गाडी वेळेवर होती.

साडी परत करायला मी फोर्ट विल्यमला गेले. एस्प्लनेडपर्यंत ट्रामने, पुढे चालत. फाटकावर शिपायाने बराच वेळ उभं केलं, मग आत फोन केला. बाई व्हरांड्यात आल्या. त्यांना पत्र आलं होतं, सगळं माहीत होतं. साडी त्यांनी घेतली, काठ उलटून बघितले, डाग पडला आहे का ते. पडला नव्हता.

"दोन दिवस आधी पोचला असतात तर हे झालं नसतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"आईंचं वाईट झालं. वय काय होतं?"

"माहीत नाही. साठीच्या पुढे होती."

"मग तसं वय झालंच होतं."

चहा घेणार का विचारलं. मी नको म्हटलं. परत चालत एस्प्लनेडला आले आणि ट्राम धरली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी गेले. दाराजवळ चपलांपाशी बसले. तिथेच बरं वाटलं, वारा येत होता. दुसऱ्या गल्लीत एक बाई नव्याने बदलून आली होती, बँकेतल्या माणसाची बायको. तिला माझ्याबद्दल कोणीतरी सांगितलं असणार. ती सरकत सरकत माझ्याकडे आली, हातावर हरभरे ठेवले आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही आता परत कधी जाणार तिकडे? माझ्या बहिणीला थोडं सामान द्यायचं होतं."

"पुढच्या वर्षी पास मिळेल," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी?"

"नाही," मी म्हटलं. "आता कोणाकडे जाऊ?"

तिला वाटलं, मला सामान न्यायचं नाही म्हणून मी टाळते आहे. ती उठून पुढे जाऊन बसली. मी हरभरे खाल्ले.